एकशे बारावी कॅसेट

१

माझी बायको शिवगंगा ऑक्टोबरात गेली. तिचा आवाजही गेला, हे मला फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कळलं.

नांदेडला रविकांतच्या स्टुडिओत मी बसलो होतो. रविकांत लग्नाचे व्हिडिओ काढतो. जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचं मशीन त्याच्याकडे आहे. मी घरून पत्र्याची पेटी नेली होती. तिच्यात चौदा कॅसेट होत्या. मुळात पंधरा, शेवटच्या पंधरा आठवड्यांच्या. कंधारची एक मी ज्ञानोबा पहिलवानाला देऊन टाकली होती, कारण त्या कुस्तीला त्याचे वडील पहिल्या रांगेत बसले होते आणि त्याच्याकडे वडिलांचा एक फोटोसुद्धा नाही.

मी म्हणालो, आधी एकशे बारा लाव.

खोक्यावर शिवगंगेच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘११२, नांदेड, शेवटची’. रविकांतने कॅसेट मशीनमध्ये सारली. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. त्याने ती पुढे पळवली, मागे आणली, परत लावली. कॅसेट कोरी होती.

ती का हवी होती ते सांगतो. १९९८च्या दिवाळीत लातूरचे व्यापारी चंद्रप्पा यांनी गोदा-मांजरा फ्रीस्टाइल मंडळ काढलं. मातीतली नव्हे, दोऱ्यांच्या रिंगमधली कुस्ती. त्या काळी डिशवर परदेशातले पहिलवान दिसायचे, ते पाहून चंद्रप्पांना वाटलं, आपल्याकडे काय माणसं कमी आहेत? नांदेडकडून कंधारचा ज्ञानोबा, लातूरकडून वीरभद्र. रिंग मी बांधायचो. माझं वेल्डिंगचं दुकान होतं. दर आठवड्याला एका गावात कुस्त्या व्हायच्या, रविकांत कॅमेरा धरायचा, आणि ते चित्र गुरुवारी नांदेडच्या केबलवर आणि रविवारी लातूरच्या केबलवर लागायचं. ‘मंडळाचा फड’ असं नाव होतं. गुरुवारी आठ वाजता रस्त्यावर माणूस दिसत नसे.

कुस्त्या ठरवून व्हायच्या. पण पडणं खरं होतं. फळ्या मी ठोकलेल्या, मला माहीत आहे.

चित्रावर बोलायचं काम शिवगंगेचं. ती आधी शाळेत शिकवायची, तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. केबलच्या खोलीत चित्र सुरू असताना ती माइकवर तिथल्या तिथे बोलायची. कॅसेटवर तो आवाज उतरत नसे. गुरुवारी नांदेडला बोलून ती रविवारी लातूरला जायची आणि त्याच चित्रावर परत बोलायची, आणि ते बोलणं वेगळं असायचं. नांदेडला ज्ञानोबाने दोरीला पाय अडकवून वीरभद्राला पाडलं की ती म्हणायची, बघा, डोकं कसं चालवलं. लातूरला त्याच जागी म्हणायची, बघा, पंचाची पाठ फिरली की हा काय करतो ते. चित्र तेच. नांदेडला ज्ञानोबा देव आणि लातूरला राक्षस. मी दोन्हीकडे बसून ऐकलंय. दोन्हीकडे मला तिचं खरं वाटायचं.

फक्त शेवटच्या आठवड्यात तिचे वडील उदगीरला आजारी पडले. रविवारी लातूरला जाता येणार नव्हतं, म्हणून तिने लातूरचं बोलणं आधीच कॅसेटवर भरून दिलं. ती एकशे बारावी. शिवगंगेचा आवाज जगात तेवढ्या एका जागी होता. आमच्या फोनमध्ये नाही, कुठे नाही. ती फोनवर फार बोलायची नाही आणि मी कधी काही भरून ठेवलं नाही.

डिसेंबरात रविकांतने ती पेटी बुरशी पुसायला म्हणून दोन दिवस नेली होती. मला तेच आठवलं. समोर एक नवरदेव आणि त्याची बहीण अल्बम बघत बसले होते. त्यांच्यादेखत मी रविकांतला चोर म्हणालो.

 त्याने कॅसेट खोक्यात घातली आणि खोका माझ्या हातात दिला.

२

चांगुणाबाई वाघमारे अहमदपूरला राहतात. स्टँडसमोर एका खाजगी पार्सलवाल्याची खिडकी होती, ती त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळली. चंद्रप्पा रविवारच्या आधी चित्र स्वतः बघायचे, म्हणून आमच्या कॅसेट शनिवारीच नांदेडहून लातूरला त्यांच्याच हातून जायच्या. सकाळच्या गाडीने पार्सल अहमदपूरला उतरायचं, दोन तास खिडकीत पडायचं, मग दुपारच्या गाडीत चढायचं. सव्वीस वर्षांत बाईंच्या खिडकीतून एकही पार्सल कायमचं हरवलं नाही. एकदा कुणाची शिलाई मशीन सोलापूरला गेली होती, ती त्यांनी नुसत्या चौकशीवर आठ दिवसांत परत आणली. शिवगंगा आणि त्या मैत्रिणी होत्या.

मी गेलो तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की पेटीजवळ कोण कोण आलं. मी तीन नावं सांगितली. ज्ञानोबा, भेटायला आला होता तेव्हा, माझ्यासमोर. रविकांत, दोन दिवस. आणि चंद्रप्पांचा मुलगा सोमेश. तो मार्चमध्ये लातूरला मंडळाच्या आठवणींचा कार्यक्रम करतोय, पुस्तिका काढतोय. जानेवारीत तो पेटी बघायला आला होता, आणि मी चहा करायला आत गेलो होतो.

“चहा करायला किती येळ लागतो तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, आता मला एकट्याला बराच लागतो. दूध कुठे असतं ते आठवावं लागतं.

त्या उठल्या, पदर खोचला. “चला. आधी त्या पोराकडं, ज्याला तुम्ही चोर म्हणून राहिले.”

रविकांत सत्तेचाळीस वर्षांचा आहे, पण बाईंना तो पोरच. स्टुडिओत त्याने बाईंना खुर्ची दिली, मला नाही. मी उभाच राहिलो. बाईंनी त्याला विचारलं की शेवटचं बोलणं भरलं तेव्हा तू होतास का. तो म्हणाला, होतो. कानाला हेडफोन लावून मीच भरलं. कुस्ती संपल्यावरही वैनी चार मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते सांगणार नाही, कारण कुणाला सांगू नको असं त्यांनी मला सांगितलं होतं.

मी म्हणालो, बघा, लपवतोय.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कोरी कॅसेट त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, ही पुसलेली आहे का कधी भरलेलीच नाही, हे कळतं का तुला?

रविकांतने तिचं झाकण वर करून फीत उजेडात धरली. मग मशीनला लावून बराच वेळ पाहत राहिला. शेवटी तो म्हणाला, पुसलेल्या कॅसेटवर खुणा राहतात. हिच्यावर काहीच नाही. त्या मंगळवारी मी फिरवली त्याआधी ही कारखान्यातून आल्यापासून फिरलेलीसुद्धा नाही.

“आणि अशी नवी कोरी आता मिळते का कुठं?”

“आज्जी, नांदेडात दहा-पंधरा वर्षं झाली बंद होऊन. आणि ह्याच कंपनीची, ह्याच सालची तर कुठंच न्हाई.”

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, “अण्णा, चोरानं बदलली असती तर हातात येईल ती जुनी घातली असती. ही आज बदललेली नाही. ही पंचवीस वर्षांपासून ह्याच खोक्यात हाय.”

३

मग ती भरलेली कॅसेट कुठे होती? लातूरहून परत आलीच नसेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सोमेशकडे गेलो.

सोमेशचं लातूरला गंजगोलाईच्या बाजारात भांड्याचं दुकान आहे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला गोड माणूस. मंडळाचे पोस्टर, चंद्रप्पांचे हारातले फोटो, पुस्तिकेची छापून आलेली पानं, सगळं त्याने काउंटरवर मांडलं. माझं नाव चौथ्या पानावर ‘रिंग व्यवस्था’ म्हणून होतं. शिवगंगेचं नाव पाचव्या पानावर होतं आणि खाली लिहिलं होतं, आवाज उपलब्ध नाही.

बाईंनी विचारलं की शेवटचा फड लातूरला लागलाच नाही तो का. सोमेश म्हणाला, केबल बंद पडली म्हणून. बाई म्हणाल्या, त्या रविवारी मी इथंच बहिणीकडं होते, केबलवर सिनेमा चालू होता.

सोमेशने एक पातेलं उचललं, पुसलं, परत ठेवलं. मग म्हणाला की त्याच्या वडिलांनी ती कॅसेट शनिवारी घरीच लावून पाहिली होती. तो तेव्हा बारावीत होता, शेजारी बसला होता. कुस्ती संपली, पुढे काकू काही बोलायला लागल्या, तेव्हा वडिलांनी त्याला बाहेर पाठवलं. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि म्हणाले की हे दाखवायचं नाही. सोमवारी कॅसेट परत पाठवली. त्या आठवड्यात मंडळ बंद केलं.

“काका, खरं सांगतो, ती न्हाई सापडली तर बरंच हाय,” सोमेश म्हणाला. “बापूंनी काहीतरी विचार करूनच थांबवलं असंल. पण सापडली तर मला सांगा. कुस्ती तेवढी दाखवू.”

रस्त्यावर आल्यावर मी बाईंना म्हणालो की झालं, हाच चोर. ह्यालाच ती नको आहे.

बाई म्हणाल्या, “नको असलेली चीज माणूस चोरून नेल्यावर ‘सापडली तर सांगा’ म्हणत न्हाई. त्याला ठाऊकच न्हाई ती कुठं हाय. पण परत आली एवढं त्यानं सांगितलं. आली ती माझ्याच खिडकीतनं आली असणार.”

 अहमदपूरला उतरल्यावर मी नांदेडच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो. बाई घरी गेल्या नाहीत. स्टँडसमोर जिथे त्यांची खिडकी होती तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. त्या तिकडे बघत उभ्या राहिल्या. मग तरातरा माझ्याकडे आल्या.

“अण्णा, ती पेटी घेऊन उद्या परत त्या पोराकडं चला. मला एक गोष्ट आठवली, आणि ती खरी असंल तर तुमची कॅसेट कुणी चोरलीच न्हाई.”

४

रविकांतच्या स्टुडिओत बाईंनी सांगितलं ते असं.

पार्सलच्या पावतीवर त्या खोक्यावरचा आकडा लिहायच्या. एकदा त्यांच्या लक्षात आलं की शनिवारी जी कॅसेट लातूरला चालली आहे तिच्या खोक्यावर मागच्या आठवड्याचा आकडा आहे. त्यांना वाटलं चूक झाली. शिवगंगा पुढच्या वेळी भेटली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, बाई, तू शिळी कॅसेट पाठवलीस. शिवगंगा हसली आणि म्हणाली, तशीच जाऊ द्या, आणि कुणाला बोलू नका.

तेव्हा स्टँडजवळ एक व्हिडिओवाला होता. बाई जेवायला गेल्या की तो खिडकीतलं पार्सल उघडून ताजी कॅसेट तासाभरासाठी न्यायचा आणि आपल्या पडद्यावर लावायचा. रविवारच्या आधीच लातूरला निकाल फुटायचा. कोण जिंकलं हे आधी कळलं तर फड कोण बघणार? म्हणून शिवगंगेने नवी कॅसेट जुन्या खोक्यात घालायला सुरुवात केली. व्हिडिओवाला आकडा बघायचा, ही तर होऊन गेलेली म्हणून ठेवून द्यायचा. हे शिवगंगा आणि चंद्रप्पा दोघांनाच ठाऊक होतं, आणि एक आकडा बघणाऱ्या चांगुणाबाई. कॅसेटवर ती चिठ्ठी लावायची नाही, फक्त खोक्यावर.

मी म्हणालो की हे मला कसं माहीत नाही? आम्ही एका घरात राहत होतो.

“तुम्ही चहाच्या टपरीवर बसायचे का न्हाई?” बाई म्हणाल्या.

बसायचो. आणि फार बोलायचो.

रविकांतने विचारलं की हे पडताळायचं कसं. बाईंनी पेटीतून एकशे चार काढली. खोक्यावर लिहिलं होतं ‘१०४, अहमदपूर’. तुमचं म्हणणं खरं असेल तर ह्यात एकशे पाचची कुस्ती निघाली पाहिजे, तो म्हणाला. एकशे पाच उमरीची.

कॅसेट फिरू लागली. लोक, धूळ, दोऱ्या, वीरभद्राची लाल चड्डी. आवाज फक्त गर्दीचा. रविकांत म्हणाला, गाव कसं ओळखायचं, सगळी गर्दी सारखीच दिसते.

मी रिंगचा डावा खांब पाहत होतो. त्याच्या बुडाला ट्रॅक्टरची साखळी गुंडाळलेली होती. उमरीला उतरवताना त्या खांबाचा टाका सुटला होता. तिथे वेल्डिंगला वीज नव्हती. मी एका शेतकऱ्याकडून साखळी मागून घेतली आणि आवळून बांधला. फक्त उमरीला. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन पक्का केला.

“उमरी,” मी म्हणालो.

म्हणजे प्रत्येक खोक्यात पुढच्या आकड्याची कॅसेट होती. एकशे बाराच्या खोक्यात एकशे तेरावी, जी कधी भरलीच गेली नाही. शिवगंगेने पुढच्या आठवड्यासाठी आणून ठेवलेली कोरी; खोक्यावर ‘शेवटची’ हे तिने मंडळ बंद झाल्यावर लिहिलं असणार. आणि एकशे बारावी एकशे अकराच्या खोक्यात.

बाईंनी पेटीतले खोके एकेक करून मोजले. एकशे दहा होती. एकशे बारा होती. “एकशे अकरा कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

 ‘१११, कंधार’ असं त्या खोक्यावर लिहिलं होतं. ती मी माझ्या हाताने पेटीतून काढून, फडक्याने पुसून, ज्ञानोबाला दिली होती.

मी रविकांतकडे वळलो. मी त्याला म्हणालो की मी तुला लोकांदेखत चोर म्हणालो, मला माफ कर. तो म्हणाला, अण्णा, बसा. आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली. मग आपली मोटारसायकल काढायला गेला. त्याने बाईंसाठी गाडी बोलावली.

५

आम्ही कंधारला पोचलो तेव्हा ज्ञानोबा किल्ल्याच्या बाजूला आपल्या तालमीत पोरांना जोर काढायला लावत होता. सत्तरीचा माणूस, कान चुरगळलेले, गुडघे गेलेले. मला बघून उठला नाही. मग बाईंच्या हातातला एकशे दहाचा खोका बघितला आणि उठला. घरी चला म्हणाला.

घरात देवळीत बाबासाहेबांचा फोटो, खाली टीव्ही, टीव्हीशेजारी एक व्हीसीआर. नांदेडच्या भंगारवाल्याकडून आणलेला. मशीनवर खोका ठेवलेला होता, एकशे अकरा.

बाईंनी त्याला काही विचारलं नाही. मीच विचारलं की वडील दिसले का.

“न्हाई दिसले,” ज्ञानोबा म्हणाला. “वैनी ऐकू आली.”

त्याला वाटलं होतं की आपण दुसरीच कॅसेट आणली. परत द्यायला नांदेडच्या गाडीत बसायचं असं चार वेळा ठरवलं आणि चार वेळा ठेवून दिली. सोमेशचा कार्यक्रम असल्याचं त्याला कळलं होतं. कॅसेट परत गेली तर सोमेश शेवट कापून टाकेल अशी त्याला भीती होती. मी रविकांतला चोर म्हणालो हे त्याच्या कानावर आलं नव्हतं. आता कळल्यावर त्याने रविकांतचे दोन्ही हात धरले आणि काही वेळ सोडले नाहीत.

मग त्याने कॅसेट लावली.

कुस्ती चालू होती आणि शिवगंगा बोलत होती. लातूरचं बोलणं. ज्ञानोबाला ती शिव्या देत होती, आणि ज्ञानोबा माझ्या शेजारी बसून हसत होता. तिचा आवाज मी विसरलो होतो असं मला वाटायचं. विसरलो नव्हतो. ती वाक्याच्या शेवटी जरा दम घ्यायची, ते मात्र विसरलो होतो.

कुस्ती संपली. पडद्यावर रिकामी रिंग राहिली. ती बोलतच होती.

“लातूरकरांनो, फड इथं संपत नाही, माझं एक काम राहिलंय. दोन वर्षं मी तुम्हाला सांगितलं की कंधारचा ज्ञानोबा कपटी आहे. तेच चित्र दाखवून नांदेडला मी त्याला वाघ म्हणत होते. उदगीरला तो रिंगमध्ये आला तेव्हा तुम्ही त्याला चपला मारल्या. एक त्याच्या डोळ्याला लागली, टाके पडले. माझं माहेर उदगीरचं. त्या चपला माझ्या बोलण्यावर पडल्या होत्या, लागल्या त्याला. त्याने मला एका शब्दानं विचारलं नाही की वैनी, असं का बोलता. पुढच्या आठवड्याला परत आला आणि परत पडला. वीरभद्रही तसाच, नांदेडला त्याने तेच सोसलं. ही दोन माणसं एकमेकांना जपून पाडत होती, म्हणून तुम्हाला रोमांच आले. त्यांना आता कुठं दिसलं तर पाणी विचारा. आणि ज्या फळ्यांवर ती पडली त्या माझ्या मालकांनी ठोकल्या. दोन वर्षांत एकाचंही हाड मोडलं नाही. ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते.”

पुढे फीत कोरी होती. ज्ञानोबाने मशीन बंद केलं.

चंद्रप्पांनी ते का थांबवलं हे मला कळतं. कुस्ती ठरवून होती हे तिने तोंडाने सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मंडळ स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. तसं मंडळ परत आमच्या भागात झालं नाही.

बाईंनी एकशे दहाच्या खोक्यातली, म्हणजे खरी कंधारची, लावायला सांगितली. कंधारचं मैदान दिसलं. पहिल्या रांगेत पांढरा फेटा घातलेला एक म्हातारा, मुलगा पडला की अर्धा उठायचा आणि परत बसायचा. ज्ञानोबाने पडद्याला हात लावला. आम्ही तिघे बाहेर येऊन पायरीवर बसलो.

एकशे बारावी मी घेऊन आलो. ज्ञानोबानेच दिली. रविकांतने ती संगणकावर उतरवली आणि तिची एक प्रत ज्ञानोबाला नेऊन दिली.

सोमेशला मी फोन केला. तो म्हणाला, काका, कुस्ती दाखवतो, पण शेवटची चार मिनिटं नको. मी म्हणालो की पूर्ण दाखव, नाही तर देत नाही. त्याने पुस्तिकेत शिवगंगेच्या नावाखालची ‘आवाज उपलब्ध नाही’ ही ओळ काढली आहे, एवढं केलं. मार्चचा कार्यक्रम पुढे गेला, मग आणखी पुढे गेला. परवा तो म्हणाला की आईला विचारून सांगतो. चांगुणाबाई म्हणतात की त्याची आई ऐकणारी बाई आहे, मीच जाऊन बोलते.

शिवगंगा ते लातूरच्या लोकांसाठी बोलली होती. लातूरच्या लोकांनी ते अजून ऐकलेलं नाही.